अर्धी बशी चहा

कात्रप, बदलापूर
२४ जानेवारी २०२५

चांगू,

जयभीम. काल फोनवर तू अर्धा तास बोलत होतीस आणि मी नुसता हुं हुं करत होतो, तर तू म्हणे रडायला लागलीस. तुझ्या भाच्याने, महेंद्रने सांगितलं. अगं बाई, तुझा भाऊ रागावलेला नाही. जीभ हलली की दातांना घासते, आणि घासली की डोळ्यांतून पाणी येतं. एवढंच आहे. कॅन्सरच्या शेकाचे पंधरा दिवस झाले, अठरा उरलेत. गाठ जिभेच्या मुळाशी, शेक तिथेच, म्हणून तोंड आलंय. हॉस्पिटलात म्हणतात, सगळ्यांनाच येतं.

तेव्हा आजपासून आपण चिठ्ठ्या लिहायच्या. महेंद्र रोज संध्याकाळी उल्हासनगरचं दुकान बंद करून तुझ्याकडून डबा घेऊन येतोच, त्याच पिशवीत चिठ्ठी टाकायची. मोबाइलवर मला लिहिता येत नाही. एक अक्षर दाबायला जावं तर माझ्या बोटाखाली तीन येतात. चौतीस वर्षं आनंदनगरच्या कंपनीत पाना धरलेली बोटं आहेत ही.

आणि एक फायदा आहे. चिठ्ठीत तुला मध्येच तोडून बोलता येणार नाही.

तुझी पेज मस्त झाली होती. सगळी संपवली. डब्यात मूठभर साखर घातली आहे. रिकामा डबा परत द्यायचा नाही, ही आईची शिस्त अजून मोडलेली नाही मी. तू त्या साखरेचं काय करतेस देव जाणे. चहा तर तू आठ वर्षांपूर्वीच सोडलास. ॲसिडिटी म्हणे! आपल्या घराण्यात चहा सोडणारी तू पहिलीच निघालीस.

तुझा,
सुदामदादा


उल्हासनगर, कॅम्प नंबर चार
२५ जानेवारी २०२५

दादा,

जयभीम. मध्ये तोडून बोलते म्हणे! लहानपणापासून तू मला एक वाक्य तरी पुरं करू दिलंस का?

तुला आता स्पष्ट सांगते. ही सगळी उष्णता आहे. शेक म्हणजे शेवटी उष्णताच ना? पिशवीत कागदात तुरटीचा खडा बांधून दिलाय. कोमट पाण्यात फिरवायचा आणि सकाळ संध्याकाळ खळखळून चुळा भरायच्या. आपल्याला लहानपणी तोंड आलं की आई हेच करायची आणि दोन दिवसांत आपण चिंचा खायला मोकळे. बाटलीत लिंबाचं सरबतही दिलंय, तोंडाला जरा चव येईल.

डबा धुऊनपुसून लख्ख येतो, ते बघून माझ्या जिवाला बरं वाटतं. अठ्ठावीस वर्षं अंगणवाडीत पोरांची वजनं केली, मला ठाऊक आहे, खाणारं लेकरू काही झालं तरी तगतं. तू खातोयस ना, मग मला कशाची काळजी नाही.

साखर एका बरणीत साठवतेय. निम्मी झाली बरणी. तुझी सून प्रीती फोनवर म्हणाली, तू हल्ली तिच्याशीसुद्धा खुणांनीच बोलतोस. तिला म्हटलं, त्याची बायको असती तर खुणाही कराव्या लागल्या नसत्या. वहिनीला तुझं सगळं आपोआप कळायचं.

उद्या खिमट पाठवते. जप.

चांगुणा


कात्रप
३१ जानेवारी २०२५

चांगू,

तुझ्या तुरटीला माझा साष्टांग नमस्कार. पहिली चूळ भरली आणि बेसिनला धरून उभा राहिलो. गालाच्या आतलं सालटं निघालंय तिथे कुणीतरी पॉलिश पेपर फिरवावा तसं झालं. तरी तुझं मन मोडू नये म्हणून दुसरी भरली. मग लिंबाचं सरबत प्यायलो. त्याबद्दल लिहीत नाही.

हॉस्पिटलमधल्या सिस्टरला प्रीतीने सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. तुरटी नको, लिंबू नको, बाजारातलं झणझणीत माउथवॉश नको. ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ, दर दोन तासांनी तोंडात हळू घोळवून टाकायचं. लहान पोरांचा मऊ ब्रश. जेवणाआधी तोंड बधिर करणारं औषध लावायचं. आणि घोट घोट पाणी पीत राहायचं. उष्णता बिष्णता काही नाही म्हणाली, शेकाने तोंडाची आतली कातडीच जाते आणि नवी यायला वेळ लागतो.

फोडांपेक्षा मला कोरडेपणाचा जास्त त्रास होतो. थुंकीच उरलेली नाही. जे काही येतं ते दोरीसारखं चिकट. जीभ टाळूला चिकटून बसते, बोटाने सोडवावी लागते. पाण्याची बाटली उशाशी, खिशात, संडासात, सगळीकडे. घोट घेतला की क्षणभर बरं वाटतं आणि बाटली खाली ठेवेपर्यंत पुन्हा तेच.

पण खाणं उत्तम चालू आहे. परवाच्या खिमटात हिंग काय झकास लागला होता! वजनही तसंच्या तसं. दर सोमवारी काट्यावर उभं करतात. आतापर्यंत एकदाही बोलणी खाल्लेली नाहीत.

साखर घातली आहे.

सुदामदादा


उल्हासनगर
३ फेब्रुवारी २०२५

दादा,

आज डबा न्यायला महेंद्र आला आणि उंबऱ्यावरच बसला. आत ये म्हटलं तरी येईना. दोन पोरांचा बाप झालेला माणूस, तोंड हातात घेऊन रडला. मग मला सगळं सांगितलं.

सकाळी काट्यावर तुझ्या स्वेटरच्या खिशातून नट पडला म्हणे. ठण्णकन. सिस्टरने स्वेटरचे, पँटचे सगळे खिसे तपासले तर नट, बोल्ट, वॉशर, साडेचार किलो लोखंड निघालं. ते काढून पुन्हा उभं केलं तर पंचावन्न. सुरुवातीला साठ होतास तू. तोंड उघडायला लावलं तर जिभेवर पांढरा थर, बुरशी धरलेली. डॉक्टर म्हणाले, इतकं दुखतंय की गिळवत नाही, हे आठवडाभर आधी सांगितलं असतं तर औषध सुरू केलं असतं, तुम्ही रोज अंगठा दाखवून ठीक ठीक म्हणत होता. आता चार दिवस शेक बंद ठेवावा लागेल. आणि नाकातून नळी घालायची, नाहीतर पुढचे शेक शरीराला झेपणार नाहीत, मध्येच सोडले तर गाठ पुन्हा डोकं वर काढेल. एवढं सगळं ऐकून तू म्हणे कागदावर लिहिलंस, नळी नाही. मेलो तरी नाही.

आणि दादा, त्या खिमटात मी हिंग घातलाच नव्हता. मीठसुद्धा नव्हतं. प्रीतीने सांगितलं होतं म्हणून नुसतं मूगतांदूळ शिजवले होते. तुझी चिठ्ठी वाचली तेव्हा म्हटलं, तोंडाला चव नाही, भास होत असतील. माझा डबा जातो कुठे? कोण खातं?

वजनकाट्यावर आयांनी पोरांच्या कमरेला किल्ल्या बांधलेल्या मी पाहिल्यात, धान्य बंद होऊ नये म्हणून. पण स्वतःच्या जिवाला फसवणारा तूच पहिला.

काय आहे तुझ्या मनात, ते मला लिही. खोटं लिहू नकोस.

चांगुणा


कात्रप
४ फेब्रुवारी २०२५

चांगू,

पकडला गेलो. डबा खालचा वॉचमन धोंडिबा खातो. त्याला म्हटलं, मला चालत नाही, टाकवत नाही. तो बिचारा रोज धुऊन आणून देतो. तुझ्या हातच्या पेजेने चांगला गुटगुटीत झालाय. त्याला काही बोलू नकोस.

मी काय खातो? सकाळी कपभर दूध, ते गिळायला अर्धा तास. प्रत्येक घोटाला मनात आकडे मोजतो. दुपारी पुन्हा तेवढंच. भूक लागते गं. भूक लागते आणि तोंड उघडायची हिंमत होत नाही.

सिस्टरला सांगितलं असतं तर तिने वहीत लिहिलं असतं, आणि वहीत लिहिलं की नळी. शेकाच्या पहिल्याच दिवशी शेजारच्या बाकावरच्या माणसाच्या नाकात ती नळी पाहिली आणि मी तेव्हाच ठरवलं.

तुला कारण विचारायची गरज पडावी? सुंदराच्या वेळी तू माझ्याबरोबर होतीस. झटका आला, अर्धं अंग गेलं, पण माणसं ओळखत होती. डावा हात हलवत होती. मग नळी घातली. अकरा दिवस चांगली होती, आणि एका संध्याकाळी एकदम ताप. पोटात जायचं ते फुफ्फुसात गेलं म्हणाले. चौथ्या दिवशी संपली. त्या नळीने मारलं तिला. आणि नळी घालायच्या कागदावर सही माझी होती, चांगू. इंग्रजी कागद होता, मी वाचलासुद्धा नाही. महेंद्र म्हणाला बाबा थांबा, मामाला विचारू, आणि मी म्हटलं, काय विचारायचंय, आण पेन.

आठ वर्षं झाली. आजही कुठे सही करायची वेळ आली की माझा हात थांबतो. बँकेतल्या पोरी विचारतात, काका, काय झालं?

जिने माझी बायको नेली ती नळी मी माझ्या नाकात घालून घेणार नाही. माझ्यावर रागावू नकोस. हा विषय पुन्हा काढू नकोस.

सुदाम


उल्हासनगर
६ फेब्रुवारी २०२५

दादा,

काल दिवसभर कागद समोर घेऊन बसले होते. आज लिहिते. पुरी वाच, मध्ये फाडू नकोस.

वहिनी नळीने गेली नाही.

तो मे महिना होता. दुपारी तू औषधं आणायला मेडिकलवर गेलास आणि मी वहिनीजवळ एकटी होते. सिस्टरने मला बजावलं होतं, यांना गिळता येत नाही, तोंडात थेंबही टाकायचा नाही, फक्त ओला कापूस ओठांवरून फिरवायचा. मी तेच करत होते. वहिनीच्या ओठांची सालपटं निघाली होती, जीभ फुटलेल्या जमिनीसारखी झाली होती. कापूस लावला तर तिने तो ओठांत धरला आणि चोखायला लागली. सोडेचना. मग डाव्या हाताने माझं मनगट पकडलं आणि म्हणाली, चहा. बोबडं म्हणाली, पण मला कळलं.

थर्मासमध्ये आपल्यासाठी आणलेला चहा होता. मी बशीत ओतला, फुंकून निववला आणि चमच्याने पाजला. दोन चमचे गेले. तिसऱ्याला ठसका लागला. तेव्हा मी थांबायला हवं होतं. तिने पुन्हा तोंड उघडलं आणि मला राहवलं नाही. अर्धी बशी पाजली, दादा. बशी धुऊन ठेवली आणि तू आलास तेव्हा पंख्याने वारा घालत बसले होते.

संध्याकाळी ताप चढला. डॉक्टरांनी विचारलं, तोंडाने काही दिलं होतं का? तू माझ्या शेजारी उभा होतास. मी म्हटलं, नाही.

स्मशानातून परत येताना तू म्हणालास, सही मी केली. मी तुझा हात धरला आणि गप्प राहिले. आठ वर्षं गप्प आहे. दर वर्षी तिच्या पुण्यानुमोदनाला वंदना घेताना डोळे मिटायचे आणि मला ती बशी दिसायची. मी चहा ॲसिडिटीमुळे सोडलेला नाही.

अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या सुनांना शिकवत होते, आजाऱ्याला काय द्यावं, काय देऊ नये. आणि माझ्या हातून हे झालं. झालं ते झालंच, वर दोष तुझ्या सहीवर ढकलला. ढकलला नाही, पडू दिला. दोन्ही सारखंच.

मला माफ करू नकोस. आयुष्यभर बोलू नकोस. पण तुझी सही चुकलेली नव्हती. नळी तिला जगवत होती. ती घालून घे. माझ्या खोट्यापायी तू मेलास तर मी दोघांची मारेकरी होईन.

चांगुणा


उल्हासनगर
१२ फेब्रुवारी २०२५

दादा,

आठ तारखेला नळी घातली आणि सोमवारी शेक पुन्हा सुरू झाला, हे महेंद्रकडून कळलं. माझं नाव काढलं की तू भिंतीकडे तोंड करतोस, हेही कळलं. त्याने ते सांगायला नको होतं, पण विचारलं मीच.

प्रीतीने हॉस्पिटलच्या आहारवाल्या बाईंना विचारून दिलंय तशी नाचणीची पेज फडक्यातून दोनदा गाळून देते आहे. नळीत अडकणार नाही. पाजण्याआधी तुला टेकून नीट बसवायचं आणि नंतर तासभर आडवं होऊ द्यायचं नाही, प्रीतीला ठाऊक आहे, तरी लिहिते.

चार दिवस डबा रिकामा येतो आहे. स्वच्छ, कोरडा, आत काही नाही. मी झाकण उघडून बघते आणि पुन्हा लावते. तुझा तो हक्क आहे.

डबा रोज येईल.

चांगुणा


कात्रप
१९ फेब्रुवारी २०२५

चांगू,

नळी घातली. नाकातून घशात जाताना उलटी येईल असं वाटलं, मग गेली. दुखतं, पण भरल्या पोटाने दुखतं. वजन छप्पन्न झालंय, लोखंडाशिवाय. बुरशीच्या औषधाने पांढरा थर गेला. शेकाचे चार दिवस उरलेत.

तुझी चिठ्ठी मी फाडली होती. मग प्रीतीने तुकडे उचलायच्या आत मीच उचलून चिकटवली.

मला तुझा फार राग आला. अजून आहे. चहाचा नाही, गप्प राहिल्याचा. तू माझा हात धरून चालत होतीस आणि तुला माहीत होतं. आठ वर्षं मी तुझ्या घरी येऊन जेवून गेलो आणि तुला माहीत होतं. हे मला अजून गिळता येत नाही, आणि याला काही नळी नाही.

डॉक्टरांना मी कागदावर लिहून विचारलं. कुणाचं काय ते न सांगता, अशी अशी बाई होती, नळी होती, अर्धी बशी चहा पाजला, तर कशाने गेली? त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, चहाने होऊ शकतं. अशा रुग्णाला नळी असूनही होऊ शकतं, स्वतःची थुंकी गेली तरी होऊ शकतं. आज कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मला वाटलं होतं एकतर तू सुटशील, नाहीतर मी सुटेन. तसं काही झालं नाही.

पण एक गोष्ट सांगतो. परवा नळीतून पोटभर पेज गेली आणि तरी माझं तोंड कोरडं ठणठणीत. पोट भरल्याने तहान जात नाही, चांगू. हे मला माहीतच नव्हतं. प्रीतीने ओला कापूस ओठांना लावला आणि मी, सहासष्ट वर्षांचा घोडा, तो ओठांत धरून चोखायला लागलो. सोडवेना. तेव्हा मला सुंदरा दिसली. अकरा दिवस मी तिच्या उशाशी बसलो होतो. सलाइन बघत होतो, लघवीची पिशवी बघत होतो, बिलं बघत होतो. तिचे ओठ मी बघितले नाहीत. ते तू बघितलेस.

मला तिचं एक सांग. चहा प्यायल्यावर ती काही बोलली का? माझ्याशी ती त्यानंतर एक शब्दही बोलली नाही. काही बोलली असेल तर जसंच्या तसं लिही. लपवू नकोस. माझ्या मनाचंही घालू नकोस.

सुदाम


उल्हासनगर
२० फेब्रुवारी २०२५

दादा,

बोलली. कुणालाच सांगितलं नाही, कारण सांगायला गेले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं.

बशी खाली ठेवली तेव्हा तिने ओठ चाटले. अर्धंच तोंड हसलं, दुसरं हलत नव्हतं. मग म्हणाली, "साखर कमी आहे, चांगू."

तुला आठवत असेल, तिला चहा कसा लागायचा ते. मी म्हटलं, "उद्या जास्त घालते, वहिनी."

एवढंच बोलणं झालं. तिने माझं मनगट सोडलं आणि डोळे मिटले. तुझ्याबद्दल काही बोलली असं लिहावंसं फार वाटलं, पण तू मनाचं घालू नकोस म्हणालास.

चांगुणा


कात्रप
१६ मार्च २०२५

चांगू,

शेक संपून तीन आठवडे होत आले. फोड भरत आलेत. काल नळी काढली. आज तुझी पातळ पेज तोंडाने खाल्ली, बारा चमचे, धोंडिबाला एकही दिला नाही. चव काहीच लागली नाही. भिजवलेला कागद खावा तसं. चव यायला महिने लागतील म्हणतात, थोडीफार येईल, पूर्वीसारखी येईलच असं नाही. थुंकीचंही तसंच, बाटली आता जन्माची सोबतीण. गाठ गेली की नाही ते तीन महिन्यांनी तपासल्यावर कळेल. कळेल ते तुला लिहीन. बोलता येतंय थोडं, पण तुझ्याशी अजून चिठ्ठीच बरी वाटते.

महेंद्र सांगत होता, तुझी ती साखरेची बरणी काठोकाठ भरून तशीच फळीवर आहे. मुंग्या लागतील.

डबा उघड. त्यात चहापत्तीची पुडी आहे. उद्या सकाळी दोन कप चहा टाक. एक तुझा, एक तिचा. बरणीतली साखर घाल, हात आखडू नकोस. तिचाही तूच पी. बशीत ओतून पी, ती प्यायची तसा.

मला प्यायला मिळाला तरी कळणार नाही. म्हणून तू पी, आणि मला लिहून कळव, साखर बरोबर झाली का.

सुदामदादा